दिव्यांगांची नोकरी आणि कायद्याचे संरक्षण

(बीड जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे एक जुनी म्हण आहे : आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. अनागोंदी कारभाराचे वर्णन करावयाचे झाले की आपण ती सहज वापरतो आणि पुढे जातो. आज मात्र या म्हणीपाशी थोडे थांबावे असे मला वाटते. जात्यावर बसलेल्या माणसाला दिसत नाही, हे खरे. परंतु तो रिकामा बसलेला नाही. तो दळतो आहे. त्याच्या दळणात काही खोट आहे असे म्हण म्हणत नाही. खोट आहे ती पिठावर लक्ष ठेवणाऱ्यांत. आजच्या विषयाचे दोन्ही भाग या एका म्हणीत आले आहेत. शरीराच्या एखाद्या भागाने साथ सोडली तरी माणूस काम करू शकतो, हा पहिला भाग. त्याच्यासाठी राखून ठेवलेले दुसऱ्याच कोणी खाऊन जाऊ नये, हा दुसरा.

दुसऱ्या भागाचा उल्लेख बीडमध्ये टाळता येण्यासारखा नाही. शिक्षकांच्या बदल्यांमध्ये दिव्यांग शिक्षकांचा समावेश विशेष संवर्ग भाग १ मध्ये होतो व त्यांना प्राधान्य मिळते, हे येथील प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. २०२३ साली बीड जिल्हा परिषदेने या सवलतीसाठी दिलेल्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी करवली, आणि ज्यांच्याबाबत तफावत आढळली अशा अनेक शिक्षकांना निलंबित केले. त्या वेळी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. पण एका गोष्टीची चर्चा फारशी झाली नाही. जो शिक्षक खरोखरच कुबडी घेऊन शाळेत येतो, ज्या लिपिक भगिनीला खरोखरच ऐकू येत नाही, त्यांच्याकडे सहकारी त्यानंतर कोणत्या नजरेने पाहू लागले? 'तुमचे प्रमाणपत्र खरे ना?' हा प्रश्न चेष्टेत विचारला तरी तो बोचतो. म्हणून कायद्याने नेमके काय दिले आहे, कोणाला दिले आहे आणि का दिले आहे, हे शांतपणे समजून घेण्याची गरज या जिल्ह्यात अधिक आहे.

सवलतीपासून हक्कापर्यंत

घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांचा एकत्र उल्लेख करून काम, शिक्षण व सरकारी साहाय्य यांचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार उपलब्ध करून द्यावा, असे म्हटले आहे. हे मार्गदर्शक तत्त्व होय. त्याच्या बळावर न्यायालयात जाता येत नव्हते. १९७७ साली केंद्र सरकारने खालच्या दोन वर्गांतील पदांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखून ठेवल्या, त्याही प्रशासकीय आदेशाने. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. सभा झाल्या, तिकिटे निघाली, जाणीव वाढली. तरीही नोकरी नाकारलेल्या माणसाच्या हाती दाखवावयास कायद्याचे कलम नव्हते.

ते कलम १९९५ च्या अधिनियमाने आले. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला व भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास मान्यता दिली. या कराराशी सुसंगत असा दिव्यांगजन हक्क अधिनियम संसदेने २०१६ साली मंजूर केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी त्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. अंधत्व, बहिरेपणा आणि अस्थिव्यंग यांखेरीज स्वमग्नता, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, आम्लहल्ल्याने आलेली विद्रूपता यांचाही त्यात समावेश झाला.

शब्दही बदलला. आपण 'अपंग' म्हणत होतो, आता 'दिव्यांग' म्हणतो. शब्द सुधारल्याचे मला दुःख नाही. पण फलकावरचा शब्द बदलण्यास रंगाचा एक डबा पुरतो. वागणूक बदलण्यास त्याहून अधिक काही लागते.

भेदभाव कशाला म्हणावे

एका शाळेतली हकीकत सांगतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथील एका शिक्षकाचा पाय लहानपणीच्या पोलिओने अधू झालेला होता. कॅलिपर लावून ते चालत. नव्या सत्रात वर्गवाटप झाले आणि त्यांचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला. त्यांनी तळमजल्यावरील वर्ग मागितला. उत्तर मिळाले, 'सर्वांना एकच नियम. झेपत नसेल तर नोकरी कशाला धरली?' शिक्षक दिवसातून चार वेळा तो जिना चढू-उतरू लागले. पुढे पाय सुजला, रजा वाढल्या आणि वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवालात 'कामात नियमितता नाही' असा शेरा आला. मी तपासणीसाठी गेलो तेव्हा हे प्रकरण माझ्यासमोर आले. उपाय काय करावा लागला? दोन वर्गांची अदलाबदल. अर्ध्या तासात बाके हलली. शासनाचा एक रुपयाही खर्च झाला नाही.

'सर्वांना एकच नियम' हे वाक्य ऐकावयास न्यायाचे वाटते. कायदा मात्र असे सांगतो की, जेथे अडथळा सर्वांना सारखा नाही तेथे नियम सारखा ठेवल्याने समता येत नाही. २०१६ च्या अधिनियमात भेदभावाची जी व्याख्या आहे, तिच्यात 'वाजवी सोय' नाकारणे हाही भेदभावच मानला आहे. वाजवी सोय म्हणजे त्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून केलेला आवश्यक तो फेरबदल. अट एवढीच की त्याचा बोजा संस्थेवर अवाजवी पडू नये. तळमजल्यावरील खोली, दृष्टिहीन कर्मचाऱ्याच्या संगणकावर पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली, कर्णबधिर कर्मचाऱ्यास तोंडी सूचनेबरोबर लेखी सूचना, मधुमेही वा मनोरुग्ण कर्मचाऱ्यास औषधाच्या वेळेची मोकळीक, ही त्याची साधी उदाहरणे होत.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये एका परीक्षार्थीच्या प्रकरणात याविषयी महत्त्वाचा निर्णय दिला. त्या तरुणास लिहिताना हातात पेटके येत. त्याने लेखनिक मागितला, आणि त्याचे दिव्यांगत्व ठरावीक टक्क्यांत बसत नाही म्हणून तो नाकारला गेला. न्यायालयाने सांगितले की, आरक्षणासाठी ४० टक्क्यांची अट आहे. वाजवी सोयीसाठी ती नाही. आपल्या कार्यालयांत या दोन गोष्टींची सतत गल्लत होते. 'तुमचे ३५ टक्केच आहे, तुम्हाला काही मिळणार नाही' असे आपण सांगून टाकतो. आरक्षित जागा मिळणार नाही, हे खरे. पण अपमान न होण्याचा, अन्यायाने न वगळले जाण्याचा आणि वाजवी सोय मिळण्याचा हक्क टक्क्यांवर अवलंबून नाही.

नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर

आणखी एक गैरसमज असा की, हा कायदा फक्त जन्मतः दिव्यांग असलेल्यांसाठी आहे. विजेच्या खांबावरून वायरमन पडतो. एस.टी.च्या चालकाची दृष्टी कमी होते. निवडणुकीच्या कामावरून परतताना शिक्षकास अपघात होतो. सकाळी धडधाकट गेलेला माणूस संध्याकाळी दिव्यांग होऊन परततो. तेव्हा त्याला 'स्वेच्छानिवृत्ती घ्या, निवृत्तिवेतन मिळेल' असा सल्ला आपण मोठ्या आपुलकीने देतो. हा सल्ला कायद्याच्या विरुद्ध आहे.

१९९५ च्या अधिनियमातील ४७ वे कलम आणि आताच्या अधिनियमातील २० वे कलम यांचा आशय स्पष्ट आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेला कामावरून काढता येत नाही व खालच्या पदावरही उतरविता येत नाही. तो पूर्वीचे काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व सेवेच्या त्याच लाभांसह दुसरे काम द्यावयाचे. तसे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा तो सेवानिवृत्तीच्या वयास पोहोचेपर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवावयाचे. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून बढतीही नाकारता येत नाही. केंद्राच्या एका सुरक्षा दलातील शिपायाचा पाय कापावा लागला आणि त्याला सेवेतून कमी करण्यात आले. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला हे संरक्षण दिले, आणि विकलांगता निवृत्तिवेतन मंजूर झाले एवढ्यावरून ते हिरावले जात नाही, असे बजावले. ऑगस्ट २०२५ मध्ये तेलंगणच्या परिवहन महामंडळातील एका चालकाचे प्रकरण याच न्यायालयापुढे आले. रंगांधळेपणामुळे त्याला सेवानिवृत्त केले होते. दुसरे काम आहे का, याचा प्रामाणिक शोध न घेताच घरी पाठविणे अन्यायाचे आहे, असे ठरवून न्यायालयाने त्याला त्याच वेतनश्रेणीचे योग्य काम देण्यास सांगितले.

येथे 'शासकीय आस्थापना' या शब्दांचा अर्थ ध्यानी घ्यावा. त्यात मंत्रालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय एवढेच येत नाही. स्थानिक स्वराज्य संस्था, शासकीय कंपन्या आणि शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थाही त्यात येतात. म्हणजे जिल्हा परिषद आली, ग्रामपंचायत आली आणि अनुदानित शाळाही आली.

भरती आणि राखीव जागा

शासकीय आस्थापनांत किमान चार टक्के जागा लक्षणीय, म्हणजे ४० टक्के वा अधिक, दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव आहेत. अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर, आणि अस्थिव्यंगासह कुष्ठमुक्त, ठेंगू, आम्लहल्लाग्रस्त इत्यादी यांना प्रत्येकी एक टक्का. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांना मिळून एक टक्का. एखाद्या वर्षी योग्य उमेदवार न मिळाल्यास जागा पुढील भरती वर्षात न्यावयाची असते. ती तत्काळ सर्वसाधारण उमेदवारास देऊन टाकावयाची नसते. ही टक्केवारी केवळ दिव्यांगांसाठी निश्चित केलेल्या पदांवर नव्हे, तर संवर्गातील एकूण रिक्त पदांवर मोजावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे.

कोणते काम कोणाला जमेल, याविषयी आपले अंदाज फार घाईचे असतात. न्यायाधीशाला डोळ्यांनी कागद पाहिलाच पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ दृष्टिहीन असल्याच्या कारणाने कोणालाही न्यायिक सेवेपासून वंचित ठेवता येणार नाही. न्यायासनाविषयी हे म्हणता येत असेल, तर आवक-जावक नोंदवहीविषयी आपण अधिक ताठर राहण्याचे कारण काय?

खाजगी आस्थापना या कायद्यातून सुटलेल्या नाहीत. त्यांच्यावर राखीव जागांचे बंधन नाही. परंतु कंपनी, सहकारी संस्था, न्यास व कारखाना यांपैकी प्रत्येकाने समान संधीचे धोरण जाहीर करून त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदविली पाहिजे. सहकाराच्या या मुलखात किती संस्थांनी ते केले आहे, हे आपापल्या गावी जाऊन विचारावे.

दाद कोठे मागावी

प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा, तक्रारींची नोंदवही असावी आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हावी, असे २३ वे कलम सांगते. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. त्यापुढे राज्य आयुक्त आहेत; साक्षीदारांना बोलाविण्याचे व कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. त्यांनी शिफारस केली तर संबंधित प्राधिकरणाने त्यावर कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवावे लागते. मान्य नसेल तर कारणे द्यावी लागतात. अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहेच. तथापि नोंदवहीच्या पानावर मिटणारे प्रकरण खंडपीठापर्यंत जाणे ही आपली नामुष्की होय.

अधिनियमाचे पहिल्यांदा उल्लंघन झाल्यास दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनास पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा सहा महिने ते पाच वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. कार्यालयात एखाद्याला त्याच्या व्यंगावरून हाक मारून हशा पिकविणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

खोट्या प्रमाणपत्राचा प्रश्न

आता पुन्हा आरंभीच्या मुद्द्याकडे येतो. खोटे प्रमाणपत्र हा केवळ शासनाच्या फसवणुकीचा मामला नाही. ज्या एका जागेवर खरा दिव्यांग उमेदवार बसला असता, ती जागा गेलेली असते. सोयीच्या ज्या गावी कुबडीवरील शिक्षकाची बदली झाली असती, ते गाव दुसऱ्याने घेतलेले असते. म्हणून खोटे प्रमाणपत्र हाच दिव्यांगांविरुद्धचा भेदभाव आहे, असे मी मानतो. लबाडीने लाभ घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे, आणि ती योग्यच आहे.

परंतु या नाण्यास दुसरी बाजू आहे. तपासणीत आढळलेली प्रत्येक तफावत म्हणजे लबाडी नव्हे. काही दिव्यांगत्वे काळानुसार कमी-अधिक होतात. दोन तज्ज्ञांच्या मोजमापात फरक पडतो. म्हणूनच प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद ५९ व्या कलमात आहे. निलंबन ही शिक्षा नाही आणि आरोप हा निकाल नाही, ही प्रशासनाची जुनी शिकवण येथेही लागू आहे. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रे केवळ ऑनलाइन पद्धतीने देण्याचे बंधन आले. त्यामुळे खरे-खोटे पाहणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. तपासणी जरूर करावी. पण ती कागदपत्रांच्या आणि वैद्यकीय मंडळाच्या मार्गाने, सन्मानाने व एकदाच नीट करावी. चालता न येणाऱ्या माणसाला प्रत्येक नव्या अधिकाऱ्यापुढे चालून दाखवावे लागू नये.

कार्यालयाबाहेरचा दिव्यांग

आतापर्यंत मी पगारी नोकरीविषयी बोललो. पण ज्या जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की लाखो हात ऊसतोडीला निघतात, तेथे एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते. उसाच्या मोळीखाली वा ट्रॉलीच्या चाकाखाली एकाचा हात गेला की कोयता मोडतो. मुकादमाच्या वहीतून त्याचे नाव निघते. उचलीची बाकी मात्र वहीत राहते. या तोंडी व्यवहारात विसाव्या कलमाचे संरक्षण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कायद्याची ही मर्यादा आपण मान्य केली पाहिजे.

तरीही त्याच्यासाठी काहीच नाही, असे नव्हे. कामावरील अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्याने मान्य झाले. दिव्यांगजन हक्क अधिनियमाच्या ३७ व्या कलमानुसार दारिद्र्यनिर्मूलनाच्या व विकासाच्या योजनांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी पाच टक्के राखीव प्रमाण असून त्यात दिव्यांग स्त्रियांना अग्रक्रम आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. ही रक्कम मार्चअखेरीस घाईने वाटून टाकण्यापेक्षा तीतून एखाद्याची पिठाची चक्की, शिलाई यंत्र वा किराणा दुकान उभे राहिले, तर ती खरी नोकरी ठरेल. अपघातानंतर प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयापर्यंत माणसाला घेऊन जाणे, ऊसतोड कामगार म्हणून त्याची नोंद झाली आहे ना हे पाहणे, ही कामे ग्रामपंचायत सदस्याइतकी चांगली दुसरे कोणी करू शकणार नाही. कारण हात कोणाचा गेला, हे त्याला आधीच ठाऊक असते.

मित्रहो, मोठ्या संकल्पांची मी आपणाकडे मागणी करीत नाही. उद्या कार्यालयात गेल्यावर अधिकाऱ्यांनी एवढेच पाहावे की, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव फलकावर आहे काय. मुख्याध्यापकांनी वर्गवाटपाचा कागद हातात घेऊन जिन्याकडे एकदा पाहावे. ग्रामपंचायत सदस्यांनी पाच टक्क्यांचा हिशेब मागवावा. आणि आपल्यापुढे जेव्हा एखादा दिव्यांग माणूस काम मागण्यास उभा राहील, तेव्हा 'याच्यात काय कमी आहे' हा प्रश्न बाजूस ठेवून 'याला हे काम करता यावे म्हणून मला काय करावे लागेल' हा प्रश्न विचारावा. बहुतेक वेळा उत्तर अर्ध्या तासाचे असते.

दळणारा माणूस आपले काम करीतच आहे. पिठाची राखण ही आपली जबाबदारी आहे.